शोपँचा डावा हात ऐकू येईपर्यंत: एक खोली, दोन स्पीकर, २४ एट्यूड

३० जून २०२४, रविवार

काम काय ते आधी लिहून ठेवतो. यूनचान लिम या कोरियन पोराने (जन्म २००४) पियानोवर वाजवलेले पोलिश संगीतकार शोपँचे ऑपस १० आणि ऑपस २५ (ऑपस म्हणजे छापील रचनांचा क्रमांक), म्हणजे दोन्ही संच मिळून २४ एट्यूड (बोटांच्या सरावासाठी रचलेले पियानोचे छोटे तुकडे), डेका या रेकॉर्ड कंपनीने १९ एप्रिलला बाजारात आणले. २०२२ साली अमेरिकेतल्या फोर्ट वर्थची व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धा अठराव्या वर्षी जिंकली, तोच हा. स्टुडिओत बसून केलेली त्याची ही पहिली रेकॉर्ड. आम्ही चार-पाच मित्र अधूनमधून जमून गाणं ऐकतो, बहुतेक ख्याल. पियानो कुणी फारसा मन लावून ऐकलेला नाही. ही रेकॉर्ड आपण नीट ऐकायची, मग मंडळींना ऐकवायची आणि त्यासाठी १० बाय १२ फुटांची मागची खोली तयार करायची. बजेट दहा हजार. नेटवर मिळणारे सल्ले बंगलेवाल्यांचे असतात, फ्लॅटवाल्यांसाठी कुणी लिहीत नाही, म्हणून या नोंदी.

हाताशी आहे ते असं: पाच इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे सूर काढणारा भाग) जुने बुकशेल्फ स्पीकर, त्याच वयाचा अ‍ॅम्प, लॅपटॉप, आणि स्वयंपाकघरातला ब्लूटूथ डबा.

आज डब्यावरच ऐकून पाहिलं. ऑपस १० मधला पहिला, सी मेजरचा (सी हा मूळ सूर; मेजर आणि मायनर हे पाश्चात्त्य संगीतातले दोन थाट म्हणा). त्यात उजवा हात सगळी पट्टी वरखाली पालथी घालत असतो आणि डावा हात नुसते लांब ऑक्टेव्ह (एकच सूर दोन सप्तकांत एकदम) धरून असतो. डब्यावर उजवा हात भरपूर ऐकू आला, डावा जवळजवळ नाहीच. पियानोचा सर्वांत खालचा सूर, ए, २७.५ हर्ट्झचा. हातभर डब्याने तो काढावा ही अपेक्षाच चूक, पण निदान डावा हात आहे एवढं तरी कळायला हवं. मोठे स्पीकर माळ्यावरून काढले.

७ जुलै, रविवार

पुण्याच्या तपकीर गल्लीतून तांब्याची जाड वायर आणि चार बनाना प्लग आणले, ६४० रुपये. दुकानदाराने साडेचार हजारांची 'ऑडिओफाइल' वायर पुढे केली होती. दहा फुटांच्या अंतराला साधी जाड वायर पुरते, घेऊ नका.

स्पीकर शोकेसवर ठेवले आणि ऑपस १० चा शेवटचा, सी मायनरचा लावला. डाव्या हाताच्या धावेत मध्येच कुठेतरी झिंग्ग असा आवाज. मागे जाऊन पुन्हा लावलं, त्याच जागी पुन्हा झिंग्ग. ध्वनिमुद्रणातच काहीतरी आहे असं ठरवून हेडफोनवर तपासलं, तर तिथे स्वच्छ. शोकेसची सरकती काच थरथरत होती, आणि काच बंद केल्यावर आतला काचेचा ताजमहाल. सकाळ यातच गेली. काचेच्या खाचेत सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बसवल्या, ताजमहाल दुसऱ्या खोलीत गेला (तो कुणी दिला होता यावर घरात स्वतंत्र चर्चा झाली). करणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी करावं: फोनवरचं फुकट टोन जनरेटर अ‍ॅप घेऊन ४० पासून ३०० हर्ट्झपर्यंत हळूहळू सूर चढवत न्यायचा आणि खोलीत काय काय वाजतं ते शोधायचं. आमच्याकडे कॅलेंडरचा खिळासुद्धा वाजत होता.

१३ जुलै, शनिवार

नवी अडचण. ऑपस १० मधला तिसरा, ई मेजरचा, संथ गाण्यासारखा. तो संपता संपता त्याच्या शेवटच्या स्वरसमूहावर चौथ्याचा पहिला घाव येऊन आदळला. लिमने घाई केली की काय असं क्षणभर वाटलं. नंतर बघतो तर स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता पुढचा त्यावर चढवणारी सोय) चालू, पाच सेकंदांचा. कुठल्यातरी लग्नात कुणीतरी लावून ठेवलेला असणार. बंद केला.

बंद केल्यावर उलटी पंचाईत झाली, आता दोन ट्रॅकमध्ये अ‍ॅप स्वतःचीच एक खाच पाडायला लागलं. इथे खाच चालत नाही. तिसऱ्याच्या शेवटी शोपँनेच हस्तलिखितात 'अताक्का' लिहून ठेवलंय, म्हणजे न थांबता पुढच्या सी शार्प मायनरच्या प्रेस्तोत (अतिद्रुत लयीत) उडी मारायची. दोघांमध्ये किती श्वास घ्यायचा हे वादकाने ठरवावं, अ‍ॅपने नाही. सेटिंगमध्ये 'गॅपलेस' सापडलं, पण ब्लूटूथवर ते दगा देतं. वायर लावल्यावर सुटलं.

१४ जुलै, रविवार

सीडीच मागवून टाकली, १,७५० रुपये पडले. कारण वेगळं आहे. निवडक एट्यूडांची यादी करून ऐकताना ऑपस २५ मधला दुसरा (सगळा हलक्या आवाजातला) आणि दहावा (दोन्ही हातांचे ऑक्टेव्ह, बी मायनर, नुसती आग) सारख्याच मोठ्या आवाजात येत होते. अ‍ॅपमधलं 'व्हॉल्यूम नॉर्मलाइझ' हे त्यामागचं कारण. अख्खा अल्बम ओळीने लावला तर अ‍ॅप सगळ्या ट्रॅकना मिळून एकच पातळी लावतं, पण यादी केली की प्रत्येक ट्रॅक वेगळा मोजून सारखा करतं. सिनेगीतांना ते चालून जातं. इथे मात्र वादकाने जपलेला हलकेपणाच पुसला जातो, आणि डावा हात नेमका त्या हलकेपणात असतो. सेटिंग बंद केलंच, शिवाय अ‍ॅप पुन्हा काहीतरी आपल्या मनाने करेल ही धास्ती नको म्हणून सीडी.

२१ जुलै, रविवार

स्पीकर शोकेसवरून उतरवायचे म्हणून सुताराकडून प्लायचे दोन उभे खोके करून घेतले, आत वाळू. २,४०० रुपये. उंची नेटवर वाचून २४ इंच सांगितली होती. ती सोफ्यावर बसणाऱ्यांची उंची. आम्ही बसतो गादीवर, ट्वीटर (वरचे सूर काढणारा भाग) डोक्यावरून जायला लागला. सुताराने खोके १८ इंचांवर कापून दिले आणि वर म्हणाला, "साहेब, आधी बसून माप घ्यायचं असतंय." दोनशे रुपये वाढीव.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली, आमच्याकडे वीज नाही. काम बंद.

४ ऑगस्ट, रविवार

खालचा आवाज घुमतोय. सगळा नाही, एखाददुसराच सूर. ऑपस २५ चा अकरावा लावला की कळतं. तो ए मायनरचा. सुरुवातीला चार मापं (तालाचे छोटे खंड) संथ, नुसती चाल, आणि मग उजव्या हाताचा कडा कोसळतो. खरी चाल त्या कड्याखाली डाव्या हातात चालू असते. पण ए आला की आमच्या खोलीत इतका फुगतो की शेजारचे सूर त्यात बुडतात.

टोन जनरेटरने शोधलं तर घुमणारा सूर ५५-५६ हर्ट्झच्या आसपास. कारण सरळ आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला दुप्पट अंतराने भागलं की ५६. आणि पियानोचा खालून दुसरा ए बरोबर ५५ हर्ट्झचा. बिल्डरने आमची खोली ए मध्ये लावून दिली आहे. हॉलमध्ये खुर्च्या टाकून हे सुटलं असतं, पण हॉलमध्ये टीव्ही आहे आणि टीव्हीला घरात बहुमत आहे.

एका परिचिताच्या सल्ल्याने भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावले होते. ट्रे आणि डबल टेप मिळून ३८० रुपये. खालच्या आवाजावर परिणाम शून्य, वरचा आवाज मात्र किंचित मेला. पुठ्ठा असा खालचे सूर अडवत नाही, त्याला जाडी लागते. शिवाय दोन दिवसांत मागे पाल राहायला आली. काढून टाकले.

उपयोग झाला तो फुकटच्या गोष्टींचा. स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे आणले. पाठ भिंतीला टेकवून बसायची जागा बदलली, गादी तीन फूट पुढे ओढली. (भिंतीशी हा सूर सर्वांत जास्त फुगतो आणि खोलीच्या अगदी मधोमध जवळजवळ गायब होतो. दोन्ही टोकं टाळायची.) कोपऱ्यांत पाहुण्यांच्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या. घुमणं गेलं नाही, पण आता ए च्या मागचा सूर दिसतो.

१० ऑगस्ट, शनिवार

तुलना. घरात इटालियन पियानोवादक पोलिनीची १९७२ ची रेकॉर्ड आहे, डॉइश ग्रामोफोन कंपनीची. हे २४ एट्यूड घेणाऱ्या कुठल्याही पियानोवाल्याला आजवर तिच्याशी तोलत आले आहेत. पोलिनी गेले २३ मार्चला, आणि महिना व्हायच्या आत ही नवी रेकॉर्ड आली.

तुलना करताना जी रेकॉर्ड मोठ्याने वाजते ती चांगली वाटते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे फसतात. फोनवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप गादीवर ठेवून, एकच एट्यूड वाजवून दोन्ही रेकॉर्डांची पातळी जुळवली. अ‍ॅप्रॉक्सिमेट आहे, पण काम भागतं. जुळवायच्या आधी माझं मत वेगळं होतं, ते इथे लिहीत नाही.

जुळवल्यावर: पोलिनीकडे सगळं लख्ख, प्रत्येक सूर जागच्या जागी, कुठेही ओघळ नाही. लिम जास्त माणसाळलेला. वेग त्याच्याकडेही आहे, पण ओघात एखादा मधला किंवा खालचा सूर असा पुढे काढतो की तिथे तो सूर होता हेच आधी लक्षात आलेलं नसतं. हे सारखं सारखं केलं तर लाड वाटतात. दोन-तीन ठिकाणी मला वाटलेही. पण ऑपस २५ च्या पाचव्यात, मधल्या ई मेजरच्या भागात, जिथे चाल डाव्या हाताकडे जाते, तिथे मी पोलिनीकडे परत गेलो नाही.

जुन्या पिढीतल्या फ्रेंच पियानोवादक कोर्तोची १९३३-३४ ची रेकॉर्डही ऐकली. मोनो आहे, दोन स्पीकरवर ती पसरट होते. एकच स्पीकर चालू ठेवून समोर बसलं की बरी लागते. सूर चुकतात, बिनधास्त चुकतात, आणि दोन मिनिटांत त्याचं काही वाटेनासं होतं.

१८ ऑगस्ट, रविवार

पहिली बैठक. फसली. पहिल्यापासून ओळीने लावत गेलो. आठव्या एट्यूडपर्यंत एक जण फोनमध्ये, एक गॅलरीत. बहुतेक एट्यूड दीड-दोन मिनिटांचे, थोडे चार-पाच मिनिटांचे. कान बसायच्या आत पुढचा सुरू. ख्यालाच्या माणसाला आलाप संपायच्या आत मैफल संपल्यासारखं होतं. त्यात स्वरलिपीचे प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवले होते, १९० रुपये. कुणालाच ती लिपी येत नाही, आणि मला येते तीही त्या वेगाने पान उलटण्याइतकी येत नाही. पुठ्ठे आता दाराच्या सांदीत.

चौथा चालू असताना वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. "अहो, ते ढणाढणा अजून किती वेळ?" म्हटलं, काकू, पियानो आहे. "ते कळलं हो. पण खालचा आवाज आमच्या पलंगातून येतोय." खोक्यांखाली रबराच्या चकत्या घातल्या, १२० रुपये. काकूंचा पलंग शांत झाला.

२४ ऑगस्ट, शनिवार

क्रम बदलला. शोपँने ऑपस १० चे बहुतेक एट्यूड जोड्यांनी लावलेत, एक मेजर आणि त्याच स्वरांच्या कुटुंबातला एक मायनर: १ सी मेजर, २ ए मायनर. ३ ई मेजर, ४ सी शार्प मायनर. ५ जी फ्लॅट मेजर, ६ ई फ्लॅट मायनर. ७ आणि ८ ची जोडी अशी नाही. मग ९ एफ मायनर, १० ए फ्लॅट मेजर. ११ ई फ्लॅट मेजर, १२ सी मायनर. म्हणून एका बैठकीला दोन जोड्या, प्रत्येक जोडी दोनदा. मधे चहा.

पाचवा लावला तेव्हा आमचा पेटीवाला मित्र उठून बसला. या एट्यूडमध्ये उजवा हात एक सूर सोडला तर सगळा काळ्या पट्ट्यांवरच वाजतो. जी फ्लॅट म्हणजे पेटीवरची काळी तीन, आणि काळी तीनला सा धरून नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवल्या तर सा रे ग प ध.

"अरे, हा भूप आहे!"

"स्वर भूपाचे आहेत," दुसऱ्याने लगेच दुरुस्त केलं. "भूप कुठाय यात?"

"बरं, स्वर. पण मग मध्येच मध्यम कुठून येतोय?"

तो मध्यम येत होता डाव्या हातातून. उजवा हात पाच स्वरांत कितीही नाचला तरी खालचा डावा हात पांढऱ्या पट्ट्यांवर उतरतो, मध्यम आणि निषाद घेतो आणि सगळा रंग फिरवतो. हे त्याने कुणी न सांगता, एकदाच ऐकून पकडलं. मग तिसऱ्यांदा लावला तो फक्त डाव्या हातासाठी. लिम इथे डावा हात दाबून ठेवत नाही, छोटे ठोके अगदी सुटे, कोरडे वाजवतो. ब्लूटूथ डब्यावर यातलं काही कळलं नसतं, काचेच्या झिंग्गातही नसतं. जूनपासूनची खटपट या दीड-पावणेदोन मिनिटांत वसूल झाली.

त्यानंतरचा सहावा, ई फ्लॅट मायनर, फार हळू आणि अंधारा. तिथे कुणी बोललं नाही. मलाही काही लिहायचं नाही.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. खरं तर काम महिनाभर आधीपासूनच अर्धं बंद होतं, नदीपात्रात ढोल पथकांचा सराव संध्याकाळी सहा ते दहा. बंद खिडक्यांतून ढोल येतो, आणि तोही ५०-६० हर्ट्झच्याच पट्ट्यात, म्हणजे आमच्या खोलीच्या लाडक्या सुरात. हेडफोनवर ऑपस २५ चा सातवा ऐकून काढला. सुरुवात एकट्या डाव्या हाताची, बाकी काही नाही. पुढेही मुख्य गाणं डाव्याच हाताकडे, सेलो या खालच्या सुरांच्या तंतुवाद्यासारखं. लिमने एका मुलाखतीत सांगितलं होतं की यातली पहिली दोन मापं वाजवायला त्याने सात तासांहून जास्त घालवले, एक सूर मनाला लागेपर्यंत पुढच्यावर जायचं नाही असं ठरवून. सात तास हा आकडा ऐकून आमचा पेटीवाला म्हणाला, "आमच्याकडे नुसता षड्ज लावायला लोक वर्षं घालवतात, पण ठीक आहे."

पुण्यात हे काम करायचं असेल तर जुलै ते अनंत चतुर्दशी मोठ्या स्पीकरचं वेळापत्रक आखू नका. हे मला आधीच कळायला हवं होतं, जन्म इथला.

२२ सप्टेंबर, रविवार

९ ते १२. तबल्याचा मित्र आज पहिल्यांदा आला आणि दहाव्यावर अडकून बसला. ए फ्लॅटचा हा एट्यूड पहिल्यांदा ऐकताना गोड, वाहता, विशेष काही न घडणारा वाटतो. पण आकृती तीच ठेवून शोपँ आघाताच्या जागा बदलतो, कधी तीन-तीनचे गट ऐकू येतात, कधी दोन-दोनचे. बोटं तेच करतायत, वजन हललंय. तबल्यावाल्याने मांडीवर ठेका धरला, पहिल्या बदलाला चुकला, हसला, आणि "परत" म्हणाला. दुसऱ्यांदा बरोबर पकडलं. तिसऱ्यांदा त्याने पोलिनीचा मागितला. त्याचं मत: पोलिनीचा आघात मोजून घेता येतो, या पोराचा आघात अंगावर येतो. मला हे पूर्ण पटत नाही, लिम काही जागी आघात इतका मऊ करतो की बदल झाला हे नंतर कळतं. यावर जेवणाची वेळ टळली.

बारावा, ज्याला 'रेव्होल्यूशनरी' म्हणतात. १८३० च्या नोव्हेंबरात शोपँ वॉर्सॉ सोडून निघाला, महिनाअखेर तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला, पुढच्या वर्षी तो चिरडला गेला. नाव नंतरच्यांनी दिलेलं. ऑपस १० छापून आला १८३३ मध्ये, पियानोवादक फ्रान्झ लिस्टला अर्पण करून. इथे सुरुवातीपासून धावतो तो डावा हात, उजव्याकडे तुटक, मोठी चाल. जुलैत झिंग्गने बिघडवलेली जागा हीच. आता स्वच्छ.

६ ऑक्टोबर, रविवार

रेकॉर्डला नुकताच ग्रामोफोन या ब्रिटिश मासिकाचा पियानो विभागातला पुरस्कार मिळाला, शिवाय लिमला वर्षातल्या तरुण कलावंताचा. आमच्या गटात बातमीवर फक्त दोन अंगठे आले.

ऑपस २५ सुरू केला आहे. यात ऑपस १० सारख्या जोड्या धरून चालता येत नाही, म्हणून आम्ही डाव्या हाताच्या हिशेबाने गट केलेत: ५ आणि ७ एकत्र, ११ आणि १२ एकत्र, ६ आणि ८ (तीन आणि सहा स्वरांच्या अंतराने जोडीने वाजणाऱ्या सुरांचे, उजव्या हाताचे हाल) वेगळे. पहिला सगळ्यात शेवटी ठेवलाय. तो ऐकायला इतका सोपा आहे की आधी लावला तर मंडळी पुढच्यासाठी बसत नाहीत.

खर्च आतापर्यंत: वायर आणि प्लग ६४०, सीडी १,७५०, खोके २,६००, चकत्या १२०, वाया गेलेले अंड्यांचे ट्रे आणि प्रिंट मिळून ५७०. एकूण ५,६८०. उरलेल्यात खिडकीला जाड पडदा बसवायचा आहे. सप्रमाण सांगता येत नाही, पण अकराव्याच्या ए चा घुमारा अजून थोडा कमी व्हायला हवा. काकूंनी विचारलंय की रविवारी तो 'काळ्या पट्ट्यांचा' पुन्हा लावणार का, त्यांच्या भाच्याला पेटीची आवड आहे. त्याच्यासाठी गादीवर जागा करायची तर कोपऱ्यातली एक गुंडाळी उघडावी लागेल, मग पुन्हा टोन जनरेटर.